रेवणप्पांचा जुना पत्ता

आमच्या मिलमध्ये रेवणप्पांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांनी ज्याला एकदा तरी बिनडोक म्हटलेलं नाही असाही माणूस नाही. लातूरहून चाकूरकडं जाताना डाव्या हाताला आमची सोयाबीनची मिल लागते. तिथं मी मालाचा ओलावा तपासते. माझ्या लॅबला लागूनच अप्पांची सर्वरची खोली आहे आणि मधल्या भिंतीत एक काचेची खिडकी आहे. ती उजेडासाठी ठेवली असं बांधणाऱ्याचं म्हणणं. मी मात्र चौदा वर्षं तिचा उपयोग अप्पा काय करतात ते बघायलाच केला, तेव्हा पुढचं मी ऐकीव सांगत नाही.

रेवणप्पा शिवलिंगप्पा खानापुरे. वय छप्पन. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करडगीत, म्हणजे छोट्या डबीत, इष्टलिंग, अंगात पँट-शर्ट आणि त्यावर खांद्याला उपरणं. पँट-शर्टवर उपरणं कशाला, असं नव्या माणसाला वाटतं. ते पासवर्डसाठी असतं. सर्वरचा मुख्य पासवर्ड टाकायची वेळ आली की अप्पा उपरणं कीबोर्डवर पसरतात आणि त्याखाली बोटं चालवतात. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटांनी भाव करतात तसं ते दिसतं. हा पासवर्ड त्यांनी शेठना सांगितलेला नाही, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत असलेल्या स्वतःच्या पोराला सांगितलेला नाही. मी एकदा विचारला तर म्हणाले, "वर्षाबाई, तुमाला ओलावा कळतो तेवढं बास हाय."

अठ्ठ्याण्णव साली ते टंकलेखक म्हणून आले. मिलमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार होईना, म्हणून तो अप्पांच्या टेबलावर ठेवला. पुढचं सगळं ते स्वतः शिकले. थोडं पुस्तकातून आणि बरंचसं बिघडवून. शिकवायला कोणी नव्हतं म्हणून त्यांच्या शिक्षणात काही गोष्टी त्यांच्या स्वतःच्या शिरल्या. कागद असो की कॉम्प्युटर, काहीही लिहायच्या आधी वर 'श्री गुरुबसवलिंगाय नमः' लिहायचं ही एक. किराण्याची यादी असो, रजेचा अर्ज असो, मला एकदा लिहिलेली 'पंखा बंद करत जा' ही चिठ्ठी असो, वर देवाचं नाव पाहिजेच.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. सर्वर सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकतात. काय बरोबर चाललंय, काय अडलंय ते त्या ओळी सांगतात. जाणता माणूस त्या बघतो. अप्पा बटण दाबतात, करडगी मुठीत धरतात आणि डोळे मिटून मंत्र म्हणायला लागतात. दीड मिनिटानं डोळे उघडतात तेव्हा सर्वर उठलेला असतो. या दोन्हीचा संबंध आहे अशी त्यांची खात्री. मी एकदा म्हटलं, "अप्पा, न म्हणता बघा की एकदा." त्यावर आठ दिवस त्यांनी मला शेंगाची चटणी दिली नाही. आम्ही दुपारी एकत्र जेवतो आणि त्यांच्या घरच्या कडक भाकरीवर नि चटणीवर माझा डोळा असतो हे त्यांना पक्कं माहीत आहे.

हा सर्वर वर्षभर बंद होत नाही. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो. बंद होतो तो वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं सगळी यंत्रं धुऊन-पुसून, हळदी-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून निजवतात. घाण्यापासून वजनकाट्यापर्यंत सगळी. अप्पा सर्वरच्या पेटीवर तीन बोटांनी विभूती ओढतात आणि बटण दाबतात. "वर्षभर राबतंय लेकरू, एक दिस झोपू द्या," म्हणतात. दसऱ्याला सकाळी त्याला उठवायचं, पहिल्या ट्रॅक्टरपुढं नारळ फोडायचा आणि नव्या सोयाबीनचा मुहूर्त करायचा. कितीएक वर्षं हे असंच चाललं.

यंदा एप्रिलमध्ये बुद्धप्रिया आली. मुखेडची पोरगी, नांदेडला कॉम्प्युटरचं शिक्षण झालेलं, वय सव्वीस. काट्यावरचे कॉम्प्युटर बघायला तिला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. पंधरा ऑक्टोबरला करार संपणार आणि काम बघून शेठ कायम करायचं की नाही ते ठरवणार, असं ठरलं होतं. तिच्यामागं घरी आई-वडील आणि बारावीतला भाऊ. ही नोकरी तिला हवी होती आणि ते ती लपवत नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिचं गाव, आडनाव विचारून झाल्यावर काही जणांचे चेहरे जरासे आखडले ते मी पाहिलं. अप्पांचा आखडला नाही, कारण तो आधीपासूनच तसा असतो. त्यांना तिच्या आडनावाचं काही नव्हतं, तिच्या डिप्लोम्याचं होतं. त्यांनी तिला 'म्याडम' म्हणायला सुरुवात केली आणि त्या एका शब्दात ते जेवढं मीठ घालायचे तेवढं चटणीतसुद्धा नसायचं.

आता एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, ती अवघड नाही. सर्वरला एक नंबर असतो, त्याचा पत्ताच म्हणा. काट्यावरचा, गेटवरचा, माझ्या लॅबमधला, सगळे कॉम्प्युटर त्या पत्त्यावर सर्वरला हाक मारतात. आमच्या सर्वरचा नंबर पहिल्यापासून चाळीस होता. मे महिन्यात शेठनी आवारभर कॅमेरे बसवले, तेव्हा सगळ्या नंबरांची फेरमांडणी झाली आणि सर्वरला दहा नंबर आला. अप्पांनी उपरण्याखाली पासवर्ड टाकला, बुद्धप्रियानं त्यांच्या देखत दहा लिहिलं, जपून ठेवलं, बाकी कॉम्प्युटरांनाही सांगितलं की आता चाळीसला नाही, दहाला हाक मारा. पाच महिने सगळं बिनबोभाट चाललं. पाच महिन्यांत सर्वर एकदाही बंद झाला नाही.

मग खंडेनवमी आली, अप्पांनी लेकराला निजवलं आणि दसऱ्याला सकाळी डोळे मिटून उठवलं. अमरेश शेठनी पहिल्या ट्रॅक्टरपुढं नारळ फोडला. ट्रॅक्टर काट्यावर चढला. काट्यावरचा कॉम्प्युटर म्हणाला, सर्वर सापडत नाही.

अमरेश शेठ तसा बरा माणूस, पण मुहूर्ताचा पक्का. घड्याळ बघत त्यांनी मिल डोक्यावर घेतली. गेटवरच्या निवृत्तीनं ट्रॅक्टरवाल्यांना चहा पाजला, नंतर दुसऱ्यांदा पाजला. तासाभरानं अप्पांना दिसलं की सर्वर पुन्हा चाळीस नंबर लावून बसलाय. त्यांनी तेवढ्यापुरतं हातानं दहा लावलं आणि काटा चालू झाला, पण मुहूर्त गेला तो गेलाच.

"अप्पा, असं झालंच कसं?" शेठनी विचारलं.

"उन्हाळ्यात म्याडमनी नंबर बदलला, तो नीट बदलला न्हाई. मशीन झोपून उठलं की विसरतंय."

"आणि ती आहे कुठं?"

ती रजेवर होती. धम्मचक्र प्रवर्तनदिन दसऱ्यालाच असतो, ती आई-वडिलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. रजा महिन्यापूर्वी मागितलेली, शेठनीच दिलेली. तरी शेठ म्हणाले, "ऐन दसऱ्याला रजा!" आणि आजूबाजूच्या दोन-तीन माना हलल्या.

परत आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे सर्वरच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत अप्पा होते, शेठ होते. मी नमुन्याची वाटी नि रिपोर्ट घेऊन शेठच्या सहीसाठी गेले होते.

"म्याडम, तुम्ही सेव्ह केलं न्हाई," अप्पा म्हणाले.

"केलंय अप्पा. मे महिन्यातली फाइल उघडून बघा, दहाच हाय."

अप्पांनी बघितलं. दहाच होतं. "मग मशीन खोटं बोलून राहिलं का?"

"मशीन न्हाई. सुरू होताना कोणीतरी मागून येऊन चाळीस लिवून राहिलंय. दोनदा बंद-चालू करून पडदा बघितला की कळंल. धा मिनटं लागतील."

"सीझनमधी सर्वर बंद?" अप्पा उसळले. "भाईर ट्रॅक्टर किती हायत, बघितले का?"

शेठनीही मान हलवली. ट्रॅक्टरची रांग पार रस्त्याला टेकली होती. दहा मिनिटंसुद्धा नाही, म्हणाले. पोरगी काट्यावर परत गेली.

पुढच्या आठवड्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनी मान टाकली. नव्या येईपर्यंत लाइट गेली की सर्वरही जायचा. गुरुवारपर्यंत चारदा गेला आणि चारही वेळा उठला तो चाळीस नंबर लावूनच. अप्पा दर वेळी डोळे मिटून त्याला उठवायचे, दर वेळी हातानं दहा लिहायचे आणि दर वेळी मोठ्यानं म्हणायचे, "केलेली घाण निस्तरून राहिलो." चौथ्या वेळी शेठनी बुद्धप्रियाला सर्वरच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी केली. निवृत्तीच्या कानावर आलं की पंधरा तारखेनंतर तिला मोकळं करायचं ठरलंय. निवृत्तीच्या कानावर आलेलं सहसा खोटं नसतं.

ती माझ्या लॅबमध्ये येऊन बसली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "ताई, फक्त पडदा बघायचाय. दीड मिनट."

मला आत जायला बंदी नव्हती. शुक्रवारी दुपारी लाइट गेली नि आली. मी धावतच सर्वरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "अप्पा, माझी डबी राहिली का इथं?" अप्पांनी बोटानंच गप्प राहायला सांगितलं, बटण दाबलं आणि डोळे मिटले. मी मोबाईल त्यांच्या खांद्यावरून पुढं धरला. ते एकीकडं 'नमः, नमः' करत होते आणि मी त्यांच्या कानापाशी चोरासारखी उभी होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

लॅबमध्ये आम्ही दोघींनी तो व्हिडिओ हळू करून बघितला. ओळी, ओळी, ओळी. सगळ्यात शेवटी, सर्वर पुरता उठायच्या जरा आधी, इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली. 'श्री गुरुबसवलिंगाय नमः.' आणि तिच्याखाली, 'पत्ता लावला, चाळीस.'

मी टेबल धरून हसले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढी वर्षं हा माणूस डोळे मिटून देवाचं नाव घेत होता आणि त्याच क्षणी समोरचं मशीन तेच नाव घेऊन त्याचाच हुकूम बजावत होतं. दोघांनी एकमेकांकडं एकदाही बघितलं नाही! बुद्धप्रियाही हसली. पण तिचं हसू लवकर संपलं.

"चल, शेठकडं," मी म्हटलं.

"नको ताई. मी दाखवलं तर म्हणतील पोरीनं मोबाईलात कायबी करून आणलं. आदी अप्पालाच दाखवू."

अप्पांनी व्हिडिओ तीनदा बघितला. पहिल्यांदा चष्म्यातून, दुसऱ्यांदा चष्मा काढून, तिसऱ्यांदा पुन्हा चष्म्यातून. मग खुर्चीत मागं टेकले. त्यांना आठवलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं; काय आठवलं ते पुढं त्यांनीच सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी एका दसऱ्याला सर्वर असाच नंबर विसरून उठला होता. नंबर कायमचा जपून कसा ठेवायचा हे तेव्हा अप्पांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी आपली युक्ती केली. सुरू होताना सर्वर जी यादी वाचतो तिच्या तळाशी एक हुकूम लिहून ठेवला. उठलास की आधी देवाचं नाव घे, मग चाळीस नंबर लाव. पुढं नंबर कधी बदललाच नाही, म्हणून त्या हुकुमानं कुणाचं वाकडं झालं नाही, आणि अप्पा तो विसरले. मे महिन्यात नंबर बदलला, पण हुकूम तसाच राहिला. बुद्धप्रियानं दहा लिहून ठेवलं होतं, पण सर्वर उठताना अप्पांची जुनी आज्ञा पाळून त्यावर चाळीस लिहायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

"कुणाला दाखवलं?" अप्पांनी विचारलं.

"कुणालाच न्हाई," ती म्हणाली.

"बरं," अप्पा म्हणाले. तेवढंच.

संध्याकाळी खिडकीतून मला दिसलं, उपरणं कीबोर्डवर पसरलं होतं आणि खाली बोटं चालली होती. ते हुकूम पुसत होते. मला वाटलं, चला, आता सकाळी सगळं सांगून टाकतील.

शनिवारी लाइट गेली. सर्वर उठला तो गुमान दहा नंबर घेऊन. काटा एक मिनिटही अडला नाही. शेठ स्वतः खोलीत आले, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अप्पा, जमवलंत की! शेवटी जुनं ते जुनंच." आणि पेढे मागवले. सगळ्यांसमोर पहिला पेढा अप्पांच्या हातावर ठेवला.

आणि अप्पांनी तो खाल्ला! मी डोळ्यांनी पाहिलं, अख्खा खाल्ला. बुद्धप्रिया काट्यावर होती. तिलाही निवृत्तीनं एक नेऊन दिला. तिनं तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

त्या दुपारी मी त्यांच्या चटणीला हात लावला नाही. "पेढा गोड लागला का, अप्पा?" मी विचारलं.

"वर्षाबाई, सत्तावीस वर्षात एक चूक. ती बी दुरुस्त केली. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. आता कुणाचं काय बिघडून राहिलंय?"

"बुद्धप्रियाचं."

त्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मला इतका राग आला होता की उठून जाताना मी त्यांचा पाण्याचा तांब्या मुद्दाम लाथेनं कलंडवला. वय माझंही सेहेचाळीस आहे, पण राग आला की मला वयाची आठवण राहत नाही.

सोमवारी सकाळी बुद्धप्रिया एक वही घेऊन आली. आपल्या मागून येणाऱ्याला सोपं जावं म्हणून तिनं सगळं काम वहीत लिहिलं होतं. काट्याचा कॉम्प्युटर अडला तर काय बघायचं, गेटचा अडला तर काय, एकेक पान एकेका बिघाडाला. सुवाच्य, मराठीत, खाली रेघा मारून. खोलीत जायची बंदी होती म्हणून तिनं ती दारातूनच अप्पांच्या हातात दिली.

"एक जागा मोकळी हाय," ती म्हणाली. "ती तुम्ही लिवा."

अप्पांनी पान उलटलं. वर लिहिलं होतं, 'बिघाड: सर्वर बंद करून चालू केला की जुना नंबर लावतो.' त्याखाली 'उपाय' होता, बरोबर लिहिलेला. मधे 'कारण' असा शब्द होता आणि त्याच्यापुढं काहीच नव्हतं.

ती काट्यावर गेली. अप्पा ती वही मांडीवर घेऊन बसले. मी दोन नमुने तपासले, तिसरा तपासला, तरी बसलेलेच. चौथ्याला त्यांनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं. नंतर ती वही मी वाचली. 'कारण: रेवणप्पा शिवलिंगप्पा खानापुरे.' माझ्या चौदा वर्षांत अप्पांनी वर देवाचं नाव न घालता लिहिलेली एवढी एकच ओळ मला माहीत आहे.

मग ते उठले आणि शेठच्या केबिनकडं निघाले. मी ओलाव्याचा रिपोर्ट घेतला आणि मागं गेले. त्या रिपोर्टची शेठना तेव्हा काही गरज नव्हती.

"शेठ, चूक त्या पोरीची न्हाई. माझी हाय," अप्पांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

शेठचा चेहरा मवाळ झाला. "अप्पा," ते म्हणाले, "तुमचं मन मोठं. पण पोरीला पाठीशी घालायला स्वतःचं नाव कशाला खराब करता?"

"अहो, पाठीशी न्हाई घालून राहिलो. खरंच माझी हाय. अकरा वर्षांमागची."

"कळलं, कळलं. तिचे चार-आठ दिवस वाढवायचे का? तुमच्या शब्दाखातर वाढवू."

अप्पांची अशी फजिती मी आयुष्यात पाहिली नव्हती. आयुष्यभर हा माणूस 'माझं बरोबर' म्हणत आला आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. आज पहिल्यांदा 'माझं चुकलं' म्हणाला तर कोणी मानायला तयार नाही. गेटवर गोष्ट पोचली तर निवृत्तीही म्हणाला, "अप्पा म्हंजे देवमाणूस. पोरीचा दोष आपल्या अंगावर घेतला बगा." दुपारपर्यंत अख्ख्या मिलमध्ये अप्पा संत झाले आणि बुद्धप्रिया, जिच्यासाठी ते बोलायला गेले होते, ती आधीपेक्षा दुप्पट नालायक ठरली. एक हमाल तिला जाता जाता सांगून गेला, "बाई, अप्पाच्या पाया पड."

ती माझ्याकडं बघून फक्त म्हणाली, "ऐकलं ताई?"

मी तशीच अप्पांकडं गेले आणि हमालाचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. अप्पांचे कान लाल झाले. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढून खुर्चीवर फेकलं आणि थेट गेटवर गेले. "निवृत्ती, काटा बंद. धा मिनटं एकबी ट्रॅक्टर चढवायचा न्हाई."

"अप्पा, ट्रॅक्टरची रांग रस्त्यावरून पार पुलापस्तोर गेलीय!"

"जाऊ दे. शेठला बोलव. म्हणावं रेवणप्पा सर्वर बंद करून राहिलाय."

शेठ धावतच आले. मागून निवृत्ती, दोन-तीन हमाल, कटकट करायला आलेले दोन ट्रॅक्टरवाले, आणि बुद्धप्रिया. ती दाराशीच थांबली. "आत ये," अप्पा म्हणाले. "बंदी मी उठवली." शेठ बाजूला सरकले.

"आता समद्यांनी पडदा बघा," अप्पांनी फर्मावलं. त्यांनी पासवर्ड टाकला, उघड्यावर, सगळ्यांदेखत. पुसलेला हुकूम यादीच्या तळाशी पुन्हा जसाच्या तसा लिहिला, देवाच्या नावासकट. सर्वर बंद केला, चालू केला. हात सवयीनं करडगीकडं गेला, पण डोळे त्यांनी उघडे ठेवले. ओळी सरकल्या. 'श्री गुरुबसवलिंगाय नमः. पत्ता लावला, चाळीस.'

"हे कुणाचं लिवलेलं हाय?" अप्पांनी निवृत्तीला विचारलं.

निवृत्तीनं इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचली आणि घसा साफ केला. "अक्षर तर... तुमचंच वाटतंय." कॉम्प्युटरवर कुठलं अक्षर असतं, पण त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

अप्पांनी तो हुकूम पुसला, सर्वर पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. दहा. बुद्धप्रियानं मे महिन्यात लिहिलेलं दहा.

"पुन्हा दाखवू?"

"नको, नको," शेठ म्हणाले. "म्हणजे अप्पा, चूक तुमचीच की हो. अकरा वर्षं झाली आणि तुम्हाला पत्ता नाही? कमाल आहे तुमची."

सकाळपासून हेच पटवत फिरणारे अप्पा एकदम तांबडे झाले. "मी म्हणलो तेवढं बास हाय," ते गुरगुरले. "तुम्ही अजून म्हणू नका." ट्रॅक्टरवाल्यांसकट सगळे हसले. मीही हसले.

हसणं ओसरल्यावर शेठ बुद्धप्रियाकडं वळले. "तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं सर. नागपूरहून आले त्याच दिवशी, ह्याच दारात. म्हणलं, दोनदा बंद-चालू करून बघू, धा मिनटं लागतील. तुम्ही म्हणलात, भाईर ट्रॅक्टरची रांग हाय." ती जरा थांबली. आवाज तिनं वाढवला नाही. "आज रांग त्या दिवसापेक्षा मोठी हाय, सर."

बाहेर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवला होता तो वाजतच राहिला.

"हाव," शेवटी अप्पा म्हणाले. "बंद करू नका म्हणून मीच म्हणलो होतो." मग शेठना म्हणाले, "हिला कायम केल्याचा कागद आजच काढा. पंधरा तारखेची वाट बघू नका."

शेठ मान खाली घालून केबिनकडं गेले आणि तासाभरात कागद आला. निवृत्तीनं पुढचा ट्रॅक्टर काट्यावर घेतला. बुद्धप्रिया आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि वजनाची पावती काढायला लागली. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण त्या दिवशी दारात ती एकटी बोलत होती तेव्हा मीही वाटी हातात घेऊन तिथंच उभी होते, आणि एक शब्द बोलले नव्हते. मी लॅबमध्ये परत गेले.